शेरा कॅलेंडरमध्ये, तक्रार ग्रुपवर

प्रश्न : आदरणीय बाई, माझी मुलगी ठाण्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेत सहावीत आहे. जूनपासून तिच्या कॅलेंडरमध्ये (शाळेच्या डायरीत) गृहपाठ अपुरा असल्याचा शेरा तीनदा आला. आम्ही दोघंही नोकरीला, मला घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. क्लास टीचर म्हणतात, घरी लक्ष द्या. मला वाटतं, एवढी फी भरतो तर शाळेनं पाहावं. वैतागून मी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, बऱ्याच आयांनी दुजोरा दिला. आता मुलगी म्हणते, टीचर माझ्याशी तुटक वागतात. त्यात सासूबाईंना शाळेतल्या रोजच्या येशूच्या प्रार्थनेची काळजी. जबाबदारी नक्की कोणाची?
– एक आई, घणसोली

उत्तर : ताई, आठ वाजता घरात पाऊल टाकल्यावर कुकर लावायचा की वह्या बघायच्या, ही ओढाताण मी मुख्याध्यापिका असताना कितीतरी आयांकडून ऐकली आहे. तेव्हा रोज वह्या तपासत बसा, असं मी सांगणार नाही. गृहपाठ करणं हे सहावीतल्या मुलीचं काम. तिला बसायला जागा, शांत वेळ आणि पुरेशी झोप मिळते ना, हे बघणं तुमचं. आणि तीन शेरे लिहूनही काम होत नसेल, तर ते का होत नाही हे शोधणं टीचरचं. चौथा शेरा लिहून ते कळणार नाही.

फी भरली की मूल शाळेच्या हवाली झालं, असं ख्रिस्ती शिक्षणविचार मानत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 साली शिक्षणावर जी घोषणा केली, तिच्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं आहे.

आता ग्रुपचं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायात गाऱ्हाण्याची रीत सांगितली आहे. ज्याचं चुकलं त्याला आधी एकट्याला गाठून सांगायचं. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर न्यायचं, आणि तरीही नाही तर मंडळीपुढे, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायापुढे मांडायचं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की आधी क्लास टीचर, मग सुपरवायझर किंवा मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ. (हा संघ शाळेच्या मर्जीवर सोडलेला नाही. महाराष्ट्राच्या 2011च्या शुल्क विनियमन कायद्यानं खासगी शाळांना तो स्थापावाच लागतो.) तुम्ही थेट सगळ्यांपुढे गेलात, तेही टीचरच्या पाठीमागे. अशा गोष्टी त्यांच्या कानावर जातातच. त्यांना भेटा आणि ‘मी आधी तुमच्याकडे यायला हवं होतं’ एवढं मोकळेपणानं म्हणा.

टीचरनाही हीच रीत लागू आहे. आईच्या मेसेजचा राग अकरा वर्षांच्या मुलीवर निघत असेल, तर ते अन्यायाचं आहे. बोलूनही तसंच चालू राहिलं, तर न कचरता मुख्याध्यापकांकडे जा.

भेटायला जाताना मुलीला बरोबर न्या आणि तिलाही खुर्ची द्या. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलाचं असंच चाललं होतं. वडील म्हणत, अभ्यास फार देता. वर्गशिक्षिका म्हणत, मुलगा आळशी. त्याला समोर बसवून विचारलं तेव्हा कळलं, की तो आधी ट्यूशनचा गृहपाठ करायचा, कारण तिथले सर सगळ्यांसमोर उभं करत. शाळेच्या वह्या उघडेपर्यंत त्याला झोप यायची. वडिलांनी दोन विषयांची ट्यूशन बंद केली. शिक्षिकेनं गणिताचा थोडा भाग वर्गातच करून घ्यायला सुरुवात केली. काम राहिलं तर सकाळी आपणहून येऊन सांगायचं, हे मुलानं कबूल केलं, आणि बहुतेक वेळा पाळलंही. हे त्याच्याशिवाय आम्हा मोठ्यांना कधीच उमगलं नसतं. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकतो, त्यांना प्रश्नही विचारतो. हरवलेला तो तीन दिवसांनी सापडल्यावर त्याची आई मरिया ‘असं का केलंस’ हे त्यालाच विचारते. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात गृहपाठ का राहतो याबद्दल मुलीचं म्हणणं मात्र मला कुठे दिसलं नाही.

सासूबाईंना सांगा, राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. अनेक कॉन्व्हेंट शाळांत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा. जोतीराव फुले 1841 साली पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. पुढे त्यांनी काय केलं ते सासूबाईंना ठाऊकच असेल, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. तरीही प्रार्थनेत मुलीनं सहभागी होऊ नये असं घरात ठरलं, तर मुख्याध्यापकांना तसं लेखी द्या. पण ठरवताना मुलीलाही विचारा.

ओपन हाउसची वाट बघू नका. तिथे मागे रांग असते, मनातलं बोलणं होत नाही. कॅलेंडरमध्येच दोन ओळी लिहून वेळ मागा. संध्याकाळी जमत नसेल तर शाळा भरायच्या आधीची मागा.