स्टॉकची फाईल उघडत नाही, आणि जीएसटी ऑडिटची नोटीस आली आहे

प्रश्न : इचलकरंजीत माझी सुताची छोटी पेढी आहे, मालक मी एकटाच. २०२२-२३ सालासाठी राज्यकर विभागाकडून एडीटी-०१ ही ऑडिटची नोटीस आली आहे. खरेदी-विक्री टॅलीत आहे, पण स्टॉक रजिस्टर आमचे दिवाणजी एक्सेलमध्ये ठेवायचे. ती फाईल त्यांच्याच जीमेल खात्याच्या गूगल ड्राइव्हवर आहे, मला फक्त शेअर केलेली. दिवाळीत ते नोकरी सोडून गेले. आता फाईल उघडायला गेलो तर ती करप्ट झाल्याचा संदेश येतो. मेहुणा म्हणतो, बिलांवरून नवी फाईल करू, कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊ, कोणाला कळणार? दुसऱ्या एकाचं म्हणणं, दिवाणजींवर पोलीस तक्रार करा आणि तिची प्रत ऑडिटला जोडा. काय करावं?

उत्तर : मेहुण्यांना चहा पाजा, पण कॉम्प्युटरजवळ बसू देऊ नका. तुमची आजची अडचण फाईल बिघडल्याची आहे. त्यांचा उपाय केलात, तर ती खोटा पुरावा तयार केल्याची होईल.

फरक किती, ते आकड्यांत सांगतो. ऑडिटमध्ये कर कमी भरल्याचं दिसलं आणि त्यात लबाडी नसेल, तर २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांना केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ७३ लागतं. दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यातलं जे जास्त ते. कराच्या मागणीची कारणे दाखवा नोटीस (आलेली एडीटी-०१ नव्हे) निघण्याआधी कर आणि व्याज भरलंत, तर दंडही नाही. लबाडी किंवा जाणूनबुजून दडवादडवी आढळली, की प्रकरण कलम ७४ मध्ये जातं. तिथे दंड कराइतकाच, आणि खात्याच्या हाती मुदतही जास्त. तुमच्या वर्षासाठी कलम ७३ खालचा आदेश ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच काढता येतो, कलम ७४ खाली पाच वर्षं मिळतात. मागची तारीख घातलेली फाईल तुम्हाला स्वतःच्या हातानं ७३ मधून ७४ मध्ये नेऊन बसवेल. कदाचित एक रुपयाही कर बुडवला नसताना.

आणि कळतं. एक्सेल फाईलच्या पोटात ती कधी तयार झाली, शेवटी कोणी जतन केली, याची नोंद असते. ड्राइव्हवर ती कधी चढली हे गूगलचा सर्व्हर लिहितो, तुमच्या टेबलावरचं घड्याळ नव्हे.

आता तुमची बाजू कुठे लंगडी आहे ते बघू, कारण अधिकारी बोट तिथेच ठेवणार. कलम ३५ आणि नियम ५६ प्रमाणे स्टॉकचा हिशेब, म्हणजे आरंभीचा साठा, आवक, जावक, खराबा आणि शिल्लक, ठेवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. कलम ३६ प्रमाणे ही कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळायची, म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. नियम ५७ तर थेट सांगतो की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप हवा, अपघातानं नोंदी गेल्या तर वाजवी वेळात परत उभ्या करता आल्या पाहिजेत. 'क्लाउडवर होती की' हे त्यावरचं उत्तर होत नाही. ड्राइव्ह दुकानातल्या फाईलशी जुळवून घेतो. इथे बिघडली की तिथेही बिघडलेलीच चढते.

तरीही फाईल गेली असं एवढ्यात धरू नका. आहे त्या अवस्थेत तिची एक प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर बाजूला ठेवा, आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. ड्राइव्हमध्ये त्या फाईलच्या 'मॅनेज व्हर्शन्स'मध्ये जाऊन जुन्या आवृत्त्या आजच बघा. एक्सेलसारख्या फाईलच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवसच राहतात, कोणी मुद्दाम कायम ठेवायला सांगितलं असेल तरच पुढे. दिवाळी उलटून गेली आहे, तेव्हा तिथे फार आशा धरू नका. माझी भिस्त तुमच्या सीएंच्या ईमेलवर आहे. वार्षिक विवरणपत्राच्या वेळी दिवाणजींनी त्यांना स्टॉकची फाईल जोडून पाठवलीच असणार. त्यांच्या इनबॉक्समध्ये २०२३ चे एप्रिल ते डिसेंबर हे महिने शोधायला सांगा. तेही निष्फळ ठरलं तर जाणकार माणसाकडे जा. एक्सएलएसएक्स फाईल ही खरं तर झिप केलेला गठ्ठा असते, आणि वरचं वेष्टण बिघडलं तरी आतल्या शीटचा मजकूर बरेचदा निघतो. त्याच्याकडून बिल घ्याच, शिवाय काय बिघडलं होतं, काय निघालं, कोणत्या तारखेला, असं लेखी घ्या. प्रकरण पुढे अपिलात किंवा कोर्टात गेलं, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल आणि त्यात तज्ज्ञाचाही भाग असतो. असं प्रमाणपत्र टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं ते आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात. तेव्हा कायदा जुना होता, पण तत्त्व तेच चालत आलं आहे.

फाईल निघाली नाही तर रजिस्टर पुन्हा उभं करा. मेहुणे म्हणतात त्यात एवढाच भाग बरोबर आहे. फक्त पहिल्याच ओळीत लिहा : 'मूळ फाईल खराब झाल्याने उपलब्ध कागदपत्रांवरून अमुक तारखेस पुन्हा तयार केलेले', आणि खाली सही आणि आजची तारीख. आवक खरेदी बिलांवरून आणि जीएसटीआर-२बी वरून (पोर्टलवर दिसणारा तुमच्या खरेदीचा तक्ता), जावक विक्री बिलांवरून आणि जीएसटीआर-१ वरून (तुम्ही भरलेलं विक्रीचं विवरणपत्र). साईझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायला बाहेर गेलेल्या बाचक्यांची मात्र डोकेदुखी आहे. राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत जॉबवर्कला जाणाऱ्या सुताला महाराष्ट्रात ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे त्या हालचालीची खूण पोर्टलवरच्या ई-वे बिलांत सापडणार नाही. डिलिव्हरी चलन, आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या मालाचं विवरणपत्र) आणि साईझिंगवाल्याची जॉबची बिलं गोळा करा. त्याच्याकडे आवकेची नोंद असतेच. सुताचा काउंट (जाडी-बारकाईचा नंबर) आणि वजन दोन्ही जुळवा, नुसती बाचकी मोजून भागत नाही.

बँकेकडून कॅश क्रेडिट असेल तर दर महिन्याला दिलेली स्टॉक स्टेटमेंटं मागवा. त्रयस्थाकडे त्या त्या वेळी गेलेला साठ्याचा आकडा यापेक्षा चांगला मिळणार नाही. पण अधिकाऱ्यापुढे ठेवण्याआधी ती सीएंसोबत नीट वाचा. मर्यादा वाढवून मिळावी म्हणून बँकेला साठा फुगवून दाखवायची खोड आपल्या बाजारात नवी नाही. आकडा फुगवलेला असेल तर 'एवढा माल होता, मग गेला कुठे?' हा प्रश्न येतो, आणि कलम ३५(६) प्रमाणे हिशेब न लागणारा माल विकला असं धरून कर लावता येतो. तसं काही असेल तर मला किंवा तुमच्या वकिलांना आधी सांगा.

खरेदीची मूळ बिलं मात्र जपा, ती स्टॉकच्या फाईलहून मोलाची आहेत. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळण्यास पात्र आहोत हे सिद्ध करायचं ओझं कलम १५५ प्रमाणे तुमच्यावर आहे.

अधिकाऱ्याला पत्र ठरलेल्या तारखेच्या आधी जाऊ द्या, विचारणा झाल्यावर नाही. एडीटी-०१ किमान १५ कामकाजाच्या दिवसांची असते, त्यातले पहिले दिवस यासाठी वापरा. मजकूर साधा ठेवा : स्टॉक रजिस्टर एक्सेलमध्ये होतं, अमुक तारखेला ते उघडत नसल्याचं लक्षात आलं, दुरुस्तीसाठी हे केलं, खराब फाईल जशीच्या तशी जपली आहे आणि मागाल तेव्हा दाखवू, बाकी सर्व कागद तयार आहेत, रजिस्टर पुन्हा तयार करण्यासाठी अमुक दिवसांची मुदत मिळावी. मुदत मागायला बिचकू नका. ऑडिट पुरं करायचे तीन महिने मोजले जातात ते कागद हाती आल्यापासून किंवा ऑडिट प्रत्यक्ष सुरू झाल्यापासून, यातलं जे नंतरचं तिथून. त्यामुळे थोडी सवलत द्यायला अधिकाऱ्यालाही अडचण नसते. पत्राची पोच घ्या.

इतकं करूनही दंड लागू शकतो. नोंदी न सांभाळल्याबद्दल कलम १२२ मध्ये १०,००० रुपये आहेत, राज्याच्या कायद्याचे तेवढेच धरून २०,०००. कर बुडवल्याचं ठरलं तर रक्कम त्या करापर्यंत जाते. खात्याला कळायच्या आधी आपणहून चूक सांगितली, तर अधिकारी ते सौम्यतेचं कारण धरू शकतो असं कलम १२६ म्हणतं; पण दंडाची रक्कम कायद्यानंच ठरवून दिलेली असेल तिथे हे कलम लागत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. तुमच्या पत्राचा खरा उपयोग वेगळा आहे : पुढे कोणी 'दडवलं' म्हणालं, तर तुमच्याकडे पोच आहे.

राहिले दिवाणजी. पोलीस तक्रारीचा सल्ला त्यांनी फाईल मुद्दाम बिघडवली असं धरून चालतो, पण तुम्ही पुरावा एकही सांगत नाही. ड्राइव्हच्या अॅक्टिव्हिटीत शेवटचा बदल कोणी आणि कधी केला ते दिसतं, त्याचे स्क्रीनशॉट घ्या. नोकरी सोडल्यानंतरचा बदल त्यांच्या खात्यातून झालेला दिसला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मग तक्रार जरूर करू. नुसता कागद तयार व्हावा म्हणून तक्रार करू नका. खोटी ठरली तर उलटेल, आणि ऑडिटमध्ये तुमच्या बाजूनं बोलू शकणारा एकमेव माणूस तुम्ही शत्रू करून बसाल. त्यांचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक असला तरी त्यांच्या खात्यात शिरू नका, कारण तीच कलमं तुम्हालाही लागतात. खातं त्यांचं असल्यामुळे त्यांनी फाईल काढून टाकली तर तुमच्याकडूनही जाईल, म्हणून प्रत उतरवायचं काम आजच्या आज करा.

आधी त्यांना फोन करा. त्यांचा शेवटचा पगार किंवा बोनस अडकवून ठेवला असेल तर तो देऊन टाका, आणि मग जुन्या लॅपटॉपवर एखादी प्रत आहे का ते विचारा.