आरएसएफ (रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेच्या २०२५ च्या माध्यमस्वातंत्र्याच्या यादीत नेपाळ ९०वा, बांगलादेश १४९वा आणि भारत १५१वा. हे आकडे कितपत खरे मानायचे?

क्रमांक बाजूला ठेवा, १०० पैकी गुण बघा. भारत, बांगलादेश आणि भूतान (१५२वा) या तिघांचेही गुण ३२ ते ३४ च्या दरम्यान आहेत. त्यामुळे 'बांगलादेशने भारताला मागे टाकलं' अशा मथळ्यांत दम नाही. २०२४ मध्ये भारत १५९वा होता. आठ पायऱ्या चढायला दोन गुणसुद्धा लागले नाहीत. आणि ४० च्या खालचे सगळे एकाच, म्हणजे सर्वांत वाईट गटात मोडतात.

२०२२ पासून मोजायची पद्धत बदलली. राजकीय, आर्थिक, कायदेशीर, सामाजिक-सांस्कृतिक आणि सुरक्षितता असे पाच निकष आले. त्याआधीच्या क्रमांकांशी तुलना करूच नका. भूतान बघा: २०२२ मध्ये ३३वा, पुढच्या वर्षी ९०वा, २०२४ मध्ये १४७वा! गुण बऱ्याच अंशी प्रश्नावलीवर ठरतात आणि छोट्या देशात ती भरणारे मोजकेच असणार, त्यामुळे अशा उड्यांकडे मी जरा संशयानेच बघतो.

नेपाळचं वेगळेपण मात्र खरं आहे. १९९७ मध्ये काठमांडूत रेडिओ सागरमाथा सुरू झाला आणि मग डोंगराळ जिल्ह्यांतही सामुदायिक केंद्रं स्वतःच्या बातम्या देऊ लागली. आपल्याकडे खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावायचं, एवढीच मुभा. पण नेपाळमध्येही इलेक्ट्रॉनिक व्यवहार कायद्याचं कलम ४७ आहेच, ऑनलाइन मजकुरासाठी पाच वर्षांपर्यंत कैद. सप्टेंबर २०२५ मध्ये तर समाजमाध्यमांवर बंदी आली, आंदोलन पेटलं आणि जमावाने कांतिपूर माध्यमसमूहाची इमारत जाळली. यादी मे महिन्यात आली होती, तेव्हा सप्टेंबरमधलं काहीच त्या ९०व्या क्रमांकात धरलेलं नाही.

कायदे वाचताना नावावर जाऊ नका, कलमं ताडून बघा. बांगलादेशात माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या, ऑनलाइन लिखाणासाठी शिक्षा देणाऱ्या कुप्रसिद्ध कलम ५७ च्या जागी २०१८ मध्ये डिजिटल सुरक्षा कायदा आला, २०२३ मध्ये सायबर सुरक्षा कायदा. पाटी बदलली, बरीचशी कलमं तीच राहिली. पाकिस्तानने जानेवारी २०२५ मध्ये 'पेका' या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून खोट्या बातमीला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, पण खोटी कशाला म्हणायचं ते मोघमच. आपल्याकडे केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी तथ्य-तपासणी कक्षाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला, त्यातही नेमक्या याच मोघमपणावर बोट होतं.