दवाखाने सरकारनेच चालवावेत का?

प्रश्न : आमच्या घरात यावरून रोज वाद होतो. मुलगा म्हणतो सरकारने आरोग्यसेवेत पडूच नये, स्पर्धेमुळे मोबाईल स्वस्त झाले तसे उपचारही होतील. मला वाटतं सगळं सरकारनेच करावं. कोणाचं बरोबर?
– एक वाचक

उत्तर : आधी मुलाचं बघू. मोबाईल घेताना आपण चार दुकानं फिरतो, नाही पटला तर पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. छातीत कळ आल्यावर असं कोण करतं हो? कुठली तपासणी करायची, किती दिवस ॲडमिट राहायचं हे सगळं डॉक्टर सांगणार आणि आपण मान डोलावणार. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच हे मांडलं होतं, की आजार कधी येईल ते माहीत नसतं आणि उपचारातलं पेशंटला डॉक्टरइतकं कळत नाही, म्हणून हा बाजार बाकीच्या बाजारांसारखा चालत नाही.

पण खरी गोम विम्यात आहे. कंपनीला मोकळं सोडलं तर ती आधीच आजारी असलेल्याला नाही म्हणणार किंवा हप्ता एवढा लावणार की तो स्वतःच परत जाईल. बरं, कायदा केला की कोणालाही नाकारायचं नाही, तर धडधाकट माणूस विचार करतो, आजारी पडल्यावर घेऊ की विमा, घाई काय आहे. मग विम्यात उरतात फक्त आजारी, हप्ता चढतो, तो चढला की अजून थोडे धडधाकट बाहेर पडतात आणि हे चक्र काही थांबत नाही. म्हणून अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यात तिन्ही गोष्टी सोबत आल्या, जुन्या आजारामुळे नकार नाही, विमा न घेतल्यास दंड आणि कमी कमाई असलेल्यांना हप्त्यासाठी मदत. पुढे २०१९ पासून दंड शून्य झाला, तरी मदत चालू असल्याने डोलारा कोसळला नाही. हे काम कुठलीही कंपनी एकटी करू शकत नाही, सगळ्यांना एका छत्राखाली आणायचं तर सरकारच लागतं, याबाबतीत मी ठाम आहे.

आता तुमचं. सरकार लागतं म्हणजे प्रत्येक दवाखान्यावर सरकारी पाटी लागलीच पाहिजे असं नाही. जर्मनीत तेव्हाचा सरकारप्रमुख बिस्मार्क याने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविमा सक्तीचा केला, दोन भाग वर्गणी कामगाराची, एक भाग मालकाची, आणि पैसा सांभाळायला वेगळे फंड. कॅनडात बरेचसे डॉक्टर आजही स्वतःची प्रॅक्टिस करतात, बिल मात्र प्रांताचं सरकार भरतं. तिथल्या सस्कॅचवान प्रांतात १९६२ ला हे सुरू झालं तेव्हा डॉक्टर २३ दिवस संपावर होते बरं का, तरी योजना टिकली. ब्रिटनने १९४८ मध्ये बहुतेक हॉस्पिटलं थेट ताब्यात घेतली, तिथे पेशंटच्या हातात बिल पडत नाही ही फार मोठी गोष्ट आहे, पण ऑपरेशनसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं हेही खरंच आहे, ते लपवून चालणार नाही.

आणि एक, ज्यावर तुम्ही दोघंही बोलत नाही. हातात विम्याचं कार्ड आहे पण जवळपास डॉक्टरच नाही तर त्या कार्डाचं करायचं काय? थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना उपचाराची हमी दिली, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून सरकार खेड्यापाड्यात आरोग्य केंद्रं आणि छोटी हॉस्पिटलं उभी करत होतं, आणि हमी मिळाली तेव्हा लोकांना जायला जागा होती.