फ्यूज जाळायच्या आधी

हिंगणा, नागपूर

प्रिय पोरी,

तुझ्या बोर्डचा स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, दोनदा पाहिला. काम नेटकं आहे, डीकपलिंगमध्ये (पुरवठा शांत ठेवणाऱ्या कपॅसिटरांत) कंजूषी केलेली नाही, हे विशेष. पण खाली तू लिहिलंस, ‘उद्या बोर्ड बनवायला फॅबला पाठवते, बोर्ड आले की रविवारी पीएमआयसीचे फ्यूज जाळून टाकते, सोमवारी लिनक्स.’ ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. काहून एवढी घाई करून राहिली?

पीएमआयसी म्हणजे बोर्डवरच्या प्रत्येक भागाला त्याचं व्होल्टेज वाटणारी चिप, आणि तू घेतलेली एनएक्सपीची पीएफ0100 कोरी आहे. व्होल्टेज उतरवणारे बक कन्व्हर्टर, चढवणारा एक बूस्ट, सहा एलडीओ (छोटे रेग्युलेटर), सगळं आत हजर. पण कुणी किती व्होल्ट द्यायचे आणि कुणी कुणाच्या मागून उठायचं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते तू सांगणार, आणि चिपच्या आतल्या फ्यूजमध्ये, म्हणजे एकदाच जाळता येणाऱ्या स्मृतीत, सांगितलेलं परत घेता येत नाही. शून्याचा एक होतो, एकाचा पुन्हा शून्य होत नाही.

आता हा हिशेब कागदावर कर. तुझी मेमरी डीडीआर3एल, म्हणजे तिला 1.35 व्होल्ट हवेत. तिला पुरवठा देणारी एसडब्ल्यू3 ही रेल (चिपमधून बाहेर पडणारी व्होल्टेजची एक वाट) 0.4 व्होल्टपासून सुरू होते आणि 25 मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी चढते. 1.35 मधून 0.4 गेले, 0.95 उरले, भागिले 0.025, म्हणजे 38. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, 26. इथवर सोपं. पण हा आकडा चिपच्या ज्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या कप्प्यात, जातो त्यातच वरच्या रेंजची एक बिट आहे. ती चुकून एक झाली, म्हणजे 26 ऐवजी 66 गेलं, की रेंज 0.8 पासून सुरू होते आणि पायरी 50 मिलिव्होल्टची होते. तोच 38 आता 2.7 व्होल्ट देतो. बरोब्बर दुप्पट! मेमरीचा धूरसुद्धा दिसणार नाही, ती मुकाट्याने जाईल. आणि एसडब्ल्यू1 तर 0.3 पासून सुरू होते, त्यामुळे एका रेलची ओळ कॉपी करून दुसरीला चिकटवलीस तर 1.35 च्या जागी 1.25 मिळतील. तक्त्यात प्रत्येक रेलची स्वतंत्र ओळ कर. फाईल तयार झाली की ती दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. मी अजूनही दाखवतो, घरात हसतात.

या चिपमध्ये ‘ट्राय बिफोर बाय’ नावाची सोय आहे, ती वापर. बर्डीच्या बाजारात आई साडी घेताना आधी खांद्यावर टाकून आरशात पाहते ना, तसंच. किमती रजिस्टरमध्ये टाकायच्या, चिपला त्यांच्यावर उठवायचं, फ्यूजला हात लावायचा नाही. पुरवठा काढला की सगळं विसरते (नाणे-बॅटरी लावलेली असेल तर वेगळं). पंधरा वेळा चुकलीस तरी पंधराव्या वेळी चिप कोरीच.

मात्र त्यासाठी चिपशी बोलता आलं पाहिजे, आणि तुझ्या बोर्डची खरी अडचण तिथेच आहे. तू आयटूसीचे (चिपशी बोलायच्या दोन तारांचे) पुल-अप रेझिस्टर आणि व्हीडीडीआयओ (त्या बोलणाऱ्या भागाचा पुरवठा) दोन्ही चिपच्याच 3.3 व्होल्टच्या रेलवर टाकले आहेत. ती रेल तर प्रोग्राम केल्याशिवाय उठणारच नाही! हीच चूक मी एका गिऱ्हाईकाच्या बोर्डवर केली होती. अख्खा दिवस स्कॅन करत होतो, पत्त्यावर कुणीच ओ देत नव्हतं. संध्याकाळी व्हीडीडीआयओवर मीटर लावला, तर शून्य. म्हणून तिथे एक जंपर (काढता-घालता येणारी जोडणी) ठेव: प्रोग्राम करताना बाहेरचे 3.3, नंतर बोर्डचे. जंपरशिवाय बाहेरून थेट पुरवठा दिलास तर तो मागच्या दाराने प्रोसेसरच्या पिनांत शिरेल.

दुसरा जंपर व्हीडीडीओटीपीला, म्हणजे फ्यूज जाळायचं व्होल्टेज घेणाऱ्या पिनला. तू ती पिन सरळ ग्राउंडला जोडलीस. फ्यूजमधून वाचायला ते बरोबर आहे, पण जाळायचं व्होल्टेज मग देणार कुठून?

आयटूसीवर चिपचा पत्ता हेक्समध्ये 08 लिहिलेला दिसला की तो 7 बिटांचा आहे, हे ध्यानात ठेव. काही प्रोग्रामर आठ बिटांचा मागतात, त्यांना 10 द्यावा लागतो. यावर अर्धा तास सगळ्यांचाच जातो.

पहिल्या बोर्डवर प्रोसेसर आणि मेमरी लावूच नकोस. फक्त चिप, इंडक्टर, कपॅसिटर. बेंच सप्लायला करंटची मर्यादा आधी 100 मिलिअँपिअर ठेव, ठीक दिसलं की वाढव. मग रेलवर रेझिस्टरचं ओझं टाक, 3.3 व्होल्टला 10 ओहम म्हणजे एक वॅटहून थोडं जास्त, पाव वॅटचा लावलास तर बोट भाजेल. रेल उठायचा क्रम ऑसिलोस्कोपवर पाहा. तुझ्या आय.एमएक्स6 प्रोसेसरला एसएनव्हीएसचा (त्याच्या नेहमी जाग्या राहणाऱ्या भागाचा) पुरवठा बाकी सगळ्यांच्या आधी लागतो, आणि सगळ्या रेल स्थिरावेपर्यंत रीसेट खालीच, म्हणजे शून्यावर, राहिला पाहिजे.

आणि रजिस्टर वाचून 26 परत आलं म्हणजे 1.35 व्होल्ट आले असं समजू नकोस. 30 मे 2024 ला आपल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आकडा पडद्यावर होता, हवेत नव्हता. मीटरचा प्रोब थेट कपॅसिटरच्या पायावर टेकव. ओझ्याची चाचणी एसीत नको; दुपारी, डबा बंद करून, कूलर बंद ठेवून कर. तुझं यंत्र इथल्या उन्हाळ्यात चालायचं आहे.

तर उद्या फॅबला फाईल पाठवू नकोस, आधी ते दोन जंपर टाक. बोर्ड आले की रविवारी वर्कशॉपवर ये. 10 ओहमचे पाच वॅटवाले रेझिस्टर माझ्याकडे डबाभर आहेत. प्रोसेसर घरीच ठेवून ये.

तुझा,
काका