ती मजेत असतानाच परत निघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. येत्या रविवारी तू लेकीला घेऊन पहिल्यांदाच एकटा दिवसभर बाहेर पडणार आहेस. प्राणिसंग्रहालय, बाग, बाहेरचं जेवण आणि जमलं तर तळ्यात नौकाविहार, एवढं सगळं तू त्या एका दिवसात बसवलं आहेस. त्यामागचं मन मला कळतं. तिची आई थकली आहे, तिला एक दिवस मोकळा मिळावा. आणि इतर मुलांच्या वाट्याला येतं ते ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अंगात सतत चळवळ असते ते) दोन्ही असलेल्या तुझ्या सात वर्षांच्या लेकीलाही मिळावं. तरीही ती यादी खोड. एकच ठिकाण ठेव, आणि ती मजेत असतानाच परत निघ. मला मुख्य सांगायचंय ते हेच.

ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच मुलाच्या कागदावर लिहायची सोय फार जुनी नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका जगभर वापरतात. तिची पाचवी आवृत्ती 2013 साली आली. तोवर ऑटिझम लिहिला की एडीएचडी लिहायचं नाही, असाच नियम होता. माझ्या मुलाचं निदान त्याच्याही आधीचं. घरात आम्हाला रोज दिसायचं त्याला त्यामुळे कितीतरी वर्षं नावच नव्हतं. नव्या जागी जायचा हट्ट धरायचा तोच, आणि तिथे पोचल्यावर दारातच अंग आखडून उभा राहायचा तोही तोच. एडीएचडीला सतत नवं काही हवं असतं, ऑटिझमला ओळखीचं हवं असतं, आणि ही ओढाताण एकाच लहान जिवात चालू असते. सकाळपासून 'चल ना बाबा' म्हणून मागे लागलेली तुझी लेक फाटकाशी बसकण मारेल, तेव्हा ती नाटक करतेय असं मनातही आणू नकोस. तिला यायचं होतं हे खरं, आणि आत पाऊल टाकवत नाही हेही खरं.

म्हणून ओळखीच्या जागेतलं थोडंसं नवं निवड. बाग तीच, पण या वेळी मागच्या बाजूचा झोपाळा. आदल्या दिवशी चित्रांचा तक्ता कर: फाटक, झोपाळा, बसायची जागा, स्वच्छतागृह, गाडी, आणि शेवटी तुमच्या घराचं दार. शेवटचं चित्र विसरू नकोस; दिवस कुठे संपतो ते तिला दिसलं पाहिजे. नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं एक कार्डही बरोबर ठेव. झोपाळा बंद निघाला तर ते कार्ड पुढे येतं. घरी दोन-तीनदा खेळून दाखवलंस तर 'बदल' हाही तक्त्यातलाच एक भाग आहे, हे तिला हळूहळू कळतं.

आवाज अडवणारे हेडफोन तिला फाटकाशीच घाल. तिने कान झाकल्यावर घातलेस तर उशीर झालेला असतो. स्वच्छतागृहातल्या हात वाळवायच्या यंत्राने आमच्या कितीतरी सहली अर्ध्यावर संपवल्या आहेत, तेव्हा टिश्यू जवळ ठेव आणि त्या यंत्रापासून लांबचं बेसिन शोध. तहान, भूक, शू हे आतले इशारे अशा पुष्कळ मुलांना वेळेवर कळत नाहीत. 'तहान लागली का?' विचारलंस तर 'नाही' म्हणेल. म्हणून न विचारता घड्याळ बघून पाणी दे. ती मिथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध घेत असेल तर दुपारी भूक मरते आणि औषध उतरताना चिडचिड वाढू शकते. तिच्या गोळीचा असर किती तास टिकतो ते डॉक्टरांना आधीच विचार, आणि तो उतरायच्या आत घरी पोच. सहलीसाठी म्हणून गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नकोस, वाढवू नकोस.

आता मी केलेली चूक सांगते. मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही मत्स्यालय बघायला गेलो होतो. पहिल्याच टाकीच्या कोपऱ्यात एक बारीक नळी होती, तिच्यातून बुडबुडे वर येत होते. तो काचेला नाक लावून उभा राहिला. बुडबुडा सुटला की बोटं फडफडायची, वर जाऊन फुटला की थांबायची. वीस मिनिटं झाली. तो इतका शांत मला क्वचितच दिसला होता. पण पुढे मोठे मासे होते, आणि आपण एवढे आलो आहोत तर त्याने ते बघावेत असं मला वाटत होतं. तीनदा सांगितलं, चौथ्यांदा दंड धरून ओढला. तो जमिनीवर पडला आणि डोकं आपटायला लागला. मी बोलतच राहिले: काय झालं, ऊठ, बघ सगळे बघतायत. माझा प्रत्येक शब्द त्याच्यावर आणखी एक आवाज होऊन आदळत होता. शेवटी नवऱ्याने स्वेटरची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली, लोकांकडे पाठ करून आडोशासारखा बसला आणि एक अक्षर बोलला नाही. अर्धा तास गेला. रात्री घरी आल्यावर मुलाने कागदभर वर्तुळं काढली, खालची लहान, वरची मोठी. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

हट्ट आणि मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, यांतला फरक तुला थेरपिस्टनी सांगितलाच असेल. हट्ट करणारं मूल मधूनच तुझ्याकडे बघतं, मागितलेलं मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये मागणीच उरलेली नसते, त्यामुळे काही देऊन किंवा रागावून तो थांबत नाही. तिचं डोकं कुठे आपटू देऊ नकोस, गर्दी बाजूला कर, प्रश्न विचारू नकोस. लोकांसाठी एकच वाक्य पाठ करून ठेव: 'तिला आवाजाचा त्रास होतोय, थोडी जागा द्या.' त्यापुढे कुणालाही काही समजावून सांगायला तू बांधील नाहीस. ती शांत झाल्यावर उपदेश नको, पाणी दे.

एका बाबतीत मात्र अजिबात सूट घेऊ नकोस. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर किमान एकदा तरी मोठ्यांचा हात सोडून निघून जायचा प्रयत्न केला होता. त्यातून एडीएचडीमुळे विचार येणं आणि पाय सुटणं यांत अंतरच राहत नाही. यांतल्या पुष्कळ मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि अशा वेळी बुडून मृत्यू होण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून या खेपेला तळं नको. निघण्याआधी अंगावरच्या कपड्यांसकट तिचा फोटो काढ, मनगटावर तुझा नंबर लिही. ती दिसेनाशी झाली तर आधी पाण्याकडे धाव. हाका मारणं, चौकशी करणं हे दुसऱ्या कुणाला तरी सांग.

परत कधी निघायचं, हे कळणं सगळ्यांत अवघड, कारण त्या वेळी ती आनंदात असेल. ती हसत असताना तिला उठवायला तुझं मन होणार नाही. पण तिचं हसू नीट ऐक. ते उंच, चिरकं झालं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं, ती चवड्यांवर चालायला लागली, की भांडं काठोकाठ भरलंय असं समज. खरं तर त्याच्याही जरा आधी निघायला हवं. दीड तासात निघालास तरी तो पूर्ण दिवसच आहे. 'पाच मिनिटांनी जाऊ' म्हणू नकोस, पाच मिनिटं तिच्या हाती लागत नाहीत. 'आणखी दहा झोके, मग गाडी' म्हण आणि मोठ्याने मोज. दहा म्हटलंस तर दहाच. अकरावा दिलास तर पुढच्या वेळी तुझ्या आकड्यावर तिचा भरवसा राहणार नाही.

गाडीत गप्प बसा. 'मजा आली का?' हे विचारायचा मोह होईल, तो आवर. दिवसभराचा ताण संध्याकाळी घरी बाहेर पडेल, कधी दुसऱ्या दिवशीही. तिच्या आईला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे ती 'काय केलंस तिला?' असं विचारणार नाही.

मला रविवारी फोन करू नकोस, झोप. सोमवारी कर. ती कशापाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबली होती, ते मला ऐकायचंय.

तुझी,
ताई