मार्च-एप्रिलमध्ये पाणी असलेला जंगलातला छोटा धबधबा कुठे आहे? सोपा हवा, मळलेली वाट नसली तरी चालेल. आई सोबत आहे, पुण्याहून निघणार.

वर एकांनी लिहिलंय, "मार्चमध्ये कसला धबधबा, जूनपर्यंत थांबा." हेच वाक्य आमचे भावोजी घरातल्या प्रत्येक लग्नात मला ऐकवतात, म्हणून लिहायला बसले.

थांबायची काही गरज नाही. फक्त पुण्याच्या आसपास शोधत बसू नका. घाटमाथ्याचा काळा कातळ पाणी फार काळ धरून ठेवत नाही, दिवाळी सरली की तिथले बरेचसे धबधबे आटायला लागतात. तळकोकणात डोंगरांच्या माथ्यावर जांभा असतो. सड्यावर, म्हणजे त्या सपाट माथ्यावर, पडलेला पाऊस त्याच्या भोकांतून खाली मुरतो, खालच्या चिकण मातीवर अडतो आणि मग झरे होऊन उतारावर बाहेर पडतो. शिमगा होऊन गेला तरी असे कित्येक वहाळ, म्हणजे ओढे, वाहते असतात.

ते ओळखायचे कसे? गावात शिरताना पोफळीची (सुपारीची) बाग किंवा हिरवंगार वायंगणी (उन्हाळी) भात दिसलं, तर त्याला पाणी कुठून येतं ते विचारा. पाटाचं पाणी म्हणाले की तुमचं अर्धं काम झालं. पाट धरून उलट वर चालत जायचं.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं, दोडामार्गाकडचं. एका शिमग्याला आई, मी, ताई आणि भावोजी मामाच्या मागून असेच निघालो. मामाच्या पायात स्लिपर, कमरेला कोयता. भावोजींच्या पायात नवेकोरे ट्रेकिंग शूज आणि फोनमध्ये कुठल्याशा ग्रुपवरून उतरवलेला मार्ग. मामा म्हणाला, "पाट धरून चला, पाट चुकूचो नाय." भावोजींना ते पटलं नाही. त्यांच्या फोनवरची रेघ डावीकडच्या डोंगरधारेवरून सरळ वर जात होती. ते तिकडून गेले.

आम्ही पाटाने. पाट हातभर रुंद, पाणी घोट्याएवढं. मध्येच एका जागी खेकड्याने बीळ केलं होतं आणि पाणी खालच्या काजूंमध्ये गळत होतं. मामा तिथेच उकिडवा बसला. वाळका पाला चुरगाळून भोकात कोंबला, त्यावर ओंजळ-ओंजळ चिखल थापला, टाचेने दाबला आणि गळती थांबेपर्यंत उठला नाही. बाग त्याची नव्हती, शेजाऱ्याची होती.

पुढे दगड, फांद्या आणि मातीचा बांध लागला. पाट तिथे संपतो. त्याच्यावर वाट नाहीच, नुसतं वहाळाचं पात्र. धोंड्यांवरून, कधी पाण्यातून, आई काठी टेकत चालली. दोन्ही अंगांना कुसुंबाची तांबडी पालवी, वर उंबराची सावली. आईच्या गुडघ्यांच्या चालीनेही तासाभरात पोचलो. दोन पुरुष उंचीचा कातळ, त्याच्यावरून उतरणारी वीतभर रुंदीची धार, खाली कंबरभर पाण्याचा कोंड. आईने पाय सोडले तर मासे येऊन टाचा टोकरायला लागले.

भावोजी वरच्या करवंदीत अडकले होते. रेंज गेलेली. मामाने कुकारा घातला, त्या आवाजावर ते खाली आले, बाह्यांना काटे, टोपी गायब. धबधब्याकडे बघून म्हणाले, "हा? ही तर आमच्या सोसायटीची टाकी भरून वाहतेय!"

ते वाक्य मला अजून झोंबतं. म्हणे पावसात बघा. पावसात काय बघता तुम्ही? रस्त्याच्या कठड्यापासून पांढरा फेस, मागे गाड्यांचे हॉर्न आणि हातात कणीस. कातळ दिसत नाही, कोंडाचा तळ दिसत नाही. आणि पाणी वाढायला लागलं की पळायला वेळ मिळत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पावसात मी माझ्या आईला असल्या पाण्याच्या जवळपासही नेणार नाही.

आता राहिलेलं. सकाळी सातला चालायला लागा, अकराच्या आत गावात परत. आईंना घट्ट बसणारे, न घसरणारे सँडल घाला. शेवाळलेला धोंडा दिसला तर वळसा घाला, उडी नको. काजूच्या बागा कुणाच्या तरी असतात, बोंडू विचारून घ्या. अभयारण्याची हद्द असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका. विडी-सिगारेट, चूल, काहीही पेटवू नका.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी. जानेवारी ते मे हा तिथे माकडतापाचा मोसम असतो. हा ताप गोचिडांमुळे होतो, दोडामार्ग भागात २०१६ साली त्याची साथ आली होती. म्हणून पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि वाळक्या पाल्यात अजिबात बसायचं नाही, धोंड्यावर बसा. परतल्यावर अंग नीट तपासा, गरम पाण्याने आंघोळ करा. पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर तिथूनच मागे फिरा आणि आरोग्य केंद्रात कळवा. निघायच्या आधी गावात विचारा, यंदा साथ आहे म्हणाले तर बेत रद्द करा. सोबत आई आहे.

जागेचं नाव मात्र मी देणार नाही, लोकेशन तर नाहीच. भावोजींनी तेव्हा फोटो ग्रुपवर टाकला आणि पुढच्या रविवारी बांधाचे दगड कुणीतरी बसायला उचलून नेले. बागेला पाणी नाही म्हणून शिव्या मामाने खाल्ल्या. पुण्याहून रात्रीची सावंतवाडीची गाडी पकडा, सकाळी दोडामार्गाकडची एसटी घ्या, हिरवी पोफळ दिसली की उतरा आणि बागवाल्याला विचारा. त्याच्या घरातलं कुणी सोबत आलं तर त्याला दिवसाची मजुरी द्या, नुसता चहा पाजून पाठवू नका.