समुपदेशन मध्येच सोडणाऱ्यांवर संशोधन सापडत नाही. गुगल स्कॉलर पुरेसं आहे की सायकइन्फोच लागतं?

'सापडत नाही' वाचलं आणि राहवलं नाही. याच विषयावरून माझं एका सहकाऱ्याशी चांगलंच वाजलं होतं. आम्ही मिळून लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहीत होतो. त्याने गुगल स्कॉलरवर 'काउन्सेलिंग ड्रॉपआउट' टाकलं, शाळा-कॉलेज सोडणाऱ्या मुलांचे पेपर आले, आणि साहेबांनी मसुद्यात ठोकून दिलं: 'या विषयावर फारसं काम झालेलं नाही.'

मी सायकइन्फो या मानसशास्त्राच्या डेटाबेसचा थिसॉरस, म्हणजे ठरलेल्या विषयसंज्ञांची यादी, उघडला. तिथे याचं ठरलेलं नाव 'ट्रीटमेंट ड्रॉपआउट्स'. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसच्या अशाच यादीत, मेशमध्ये, 'पेशंट ड्रॉपआउट्स'. लेखक मात्र मनाला येईल ते लिहितात: 'प्रीमॅच्युअर टर्मिनेशन', 'अट्रिशन', 'डिसएंगेजमेंट'. हे सगळे एका कंसात 'ऑर'ने (यातला कोणताही शब्द चालेल) जोडले, दुसऱ्या कंसात 'सायकोथेरपी ऑर काउन्सेलिंग', मध्ये 'अँड' (दोन्ही कंसांतलं हवंच). पेपरांची रांग लागली. विर्झबिकी आणि पेकारिक यांचं 1993चं, अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणारं, मेटा-अ‍ॅनालिसिसच 125 अभ्यासांवर आहे, स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांचं 2012चं 669 अभ्यासांवर. म्हणे काम झालेलं नाही!

तरी गडी ऐकेना. 'हे सायकोथेरपीचं झालं, काउन्सेलिंगचं कुठाय?' अरे, कितीतरी संशोधक हे दोन शब्द आलटून पालटून वापरतात. एकच शब्द धरून बसलात तर बरंच साहित्य हातचं जाणार.

स्कॉलर टाकाऊ नाही. 2012चा तो पेपर काढा, खालच्या 'साइटेड बाय'वर (त्याचा संदर्भ देणारे नंतरचे पेपर) जा, पुढचं काम आपोआप उलगडतं. पण तिथे ठरलेल्या विषयसंज्ञा नाहीत आणि एका शोधाचे हजारापुढचे निकाल दिसतच नाहीत. रिव्ह्यूसाठी एवढ्यावर भागवू नका.

हो, एक राहिलं. पबमेडमधल्या सगळ्याच पेपरांना मेशची संज्ञा लागलेली नसते, म्हणून साधे शब्दही सोबत ठेवा. आणि नुसतं 'टर्मिनेशन' टाकलंत तर पबमेड गर्भपाताचे पेपर पुढ्यात ओतेल. 'अट्रिशन'मध्ये थेरपी नव्हे, अभ्यासच सोडून गेलेले लोकही येतात; ते हातानेच निवडावे लागतात. सायकइन्फोला पैसे पडतात, पबमेड फुकट आहे. आधी लायब्ररीत विचारा, स्वतःच्या खिशात हात नंतर घाला.

एवढं करूनही 'संशोधन नाही' असं लिहायचंच असेल, तर शेजारी डेटाबेसचं नाव, वापरलेले शब्द आणि शोधल्याची तारीख द्या. आमच्या साहेबांना हा तपशील म्हणजे जागेची नासाडी वाटायची. मी तो मसुद्यात घातला, तेव्हा ते वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं.